बिनरंगाचा डबा

भाटीबंदरहून आलेल्या त्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही. निळं आंतरदेशीय पत्र होतं. मजकूर थोडाच होता. कारखाना बरा चालला आहे, माणसं बरी आहेत, आणि शेवटी एक ओळ: 'सायब, रंग कुठला देऊ ते कळवा.' खाली नाव, चांगुणा पावसे. अक्षर कुणा शाळकरी मुलीचं असावं, पण सांगणारीचा आवाज त्यात ऐकू येत होता.

मी तेव्हा जे पुस्तक वाचत होतो त्यात ते पत्र खुणेसाठी ठेवलं. ते पुस्तक संपलं तसं पुढच्या पुस्तकात गेलं. असं ते माझ्याबरोबर किती पुस्तकांतून फिरलं, मला सांगता येणार नाही. घड्या विरल्या, निळा रंग उडाला. एखाद्या पुस्तकात काय होतं ते मी विसरलो असेन, पण ते उघडलं की पहिली दिसायची ती ही ओळ.

मी तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी सहकार खात्यात होतो. तिशी गाठली नव्हती. काम टेबलावरचं होतं आणि ते मला मानवलं होतं, कारण कागद उलट प्रश्न विचारत नाहीत. शिमगा झाल्यावर एके दिवशी साहेबांनी बोलावलं.

"आठल्ये, भाटीबंदरला जा. तिथला बर्फाचा कारखाना त्याचा मालक सोडतोय. एक खाजगी कंपनी मागतेय, सरकारी महामंडळानं विचारणा केलीय, आणि गावातल्या कोळ्यांच्याही मनात आहे. लोकांना मालकीचे प्रकार समजावून सांगा. तुम्ही पुस्तकं वाचता."

"साहेब, मला लोकांसमोर बोलता येत नाही."

"मग वाचून दाखवा," साहेब म्हणाले आणि दुसरी फाइल उघडली.

एसटी रस्ता संपला तिथे थांबली. उतरलो तेव्हा आधी समुद्र दिसला नाही, आधी एक आवाज आला. लांब कुठेतरी कुणीतरी तोंड मिटून गुणगुणत असावं, तसा. माडांमधून वाट काढत मी त्या आवाजाच्या रोखानं गेलो. विचारायची गरज पडली नाही, आवाजच घेऊन गेला. वाटेत एक म्हातारी अंगणात जाळं विणत होती. तिच्या मानेला त्या गुणगुणण्याचा ठेका लागला होता आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

कारखाना बंदराला लागूनच होता. भिंती चिऱ्याच्या, वर पत्रे. मालक गजानन शेट तोडणकर दारात उभे होते. जाड भिंगांचा चष्मा, अंगात पांढरा सदरा. त्यांनी मला वरच्या मजल्यावरच्या खोलीत नेलं. तिथे दोन खाटा होत्या, एक त्यांची आणि एक पाहुण्याची. खाली बर्फाची टाकी होती, त्यामुळे फळ्यांमधून गारवा वर यायचा आणि डोक्यावर पत्रा तापलेला. पावलांना माघ आणि कपाळाला वैशाख. मी टेबलावर पुस्तक ठेवलं तर ते त्या थरथरीनं हळूहळू कडेला सरकू लागलं. शेटनी ते न बघता मागे ढकललं. सवयीचं असावं.

"हा आवाज रात्रंदिवस असतो?" मी विचारलं.

"कसला?" शेट म्हणाले, मग हसले. "हां, कॉम्प्रेसर. तुम्ही म्हणालात म्हणून कळलं. इथे कुणाला ऐकू येत नाही तो."

"झोप लागते?"

"आवाजानं झोप नाही हो मोडत. आवाज थांबला की मोडते. क्षणभर थांबला तरी मी उठून बसतो. बायको होती तोवर म्हणायची, तुम्ही झोपत नाही, कान देऊन पडता." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तरुणपणी कारखाना घातला तेव्हापासून हेच. आता मला झोपायचंय, आठल्ये. मुलीकडे बडोद्याला जाऊन झोपायचंय."

"मग कंपनीला देऊन टाकायला हरकत काय?"

"भाव चांगला देतेय. पण तिचा बर्फ आधी तिच्या ट्रकांत जाणार, उरला तर बंदरावर. आमच्या बायका पाट्या घेऊन बाजारच्या गाडीला जातात. वेळेवर बर्फ मिळाला नाही तर मासळी वाळूत पुरायची पाळी. महामंडळाचं म्हणाल, तर पट्टा तुटला की मुंबईहून मंजुरी यायची. तोवर बर्फाचं पाणी."

"गावाला द्या."

"गाव कोण? मला एक माणूस दाखवा." शेटनी खिडकीतून बंदराकडे हात केला. "इथे दोन नाखवे एका बाकावर बसत नाहीत. मी एवढंच म्हटलंय, शनिवारी कंपनीचा माणूस यायच्या आत सगळ्यांनी मिळून हो म्हणा. एकानं जरी नाही म्हटलं, तरी मी कंपनीच्या कागदावर सही करणार. मला भांडणं सोडवायची ताकद नाही उरली."

दुसऱ्या दिवशी दुपारी सभा झाली. ती कारखान्यातच ठेवली होती, कारण गावात तेवढी एकच जागा गार होती. टाकीवरच्या लाकडी झाकणांवर, गोणपाटांवर, जिथे जागा मिळेल तिथे माणसं बसली. पुढे बायका, मागे नाखवे. मी कागद काढला आणि वाचू लागलो. उद्योगांची दोन क्षेत्रं असतात, खाजगी आणि सार्वजनिक. खाजगीत एकट्याची मालकी, भागीदारी, कंपनी. मला माझाच आवाज कॉम्प्रेसरच्या गुणगुणण्यात विरघळताना ऐकू येत होता. मान वर केली तेव्हा निम्मी सभा डुलत होती. एक म्हातारे गृहस्थ शांत घोरत होते.

"वाचा, वाचा," मागून दामा नाखवा म्हणाला. तो बंदरातल्या सगळ्यात मोठ्या होडीचा मालक, छाती उघडी, मिशा पिळलेल्या. "अशी झोप आमाला घरी लागत नाय."

हशा झाला. मी कागद खाली ठेवला. तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई बोलली. चाळिशीची, काळीसावळी, केसांत पिवळी अबोली. तीच चांगुणा पावसे. बाजारच्या गाडीला जाणाऱ्या बायकांची ती म्होरकी होती, आणि नवऱ्यामागे घर तिच्या पाटीवर चालत होतं.

"सायब, वाचू नका. आमी विचारतो, तुमी सांगा. एकट्याची मालकी कळली. शेट समोर बसलेत. शेट गेले की?"

"वारसाकडे जातं."

"वारस बडोद्याला. ती कळली. भागीदारी?"

"दोघंतिघं मिळून," मी म्हणालो.

"ती दामा नाखव्याला विचारा. भावासंगती केली होती. आता भावाच्या दारावरनं जात पण नाय, समुद्रातून जातो."

"गप गे," नाखवा म्हणाला, पण तोही हसला.

"कंपनी?"

"तिचे मालक म्हणजे भागधारक. पुष्कळ असतात."

"राहतात कुठं?"

"कुठेही. मुंबईला, कलकत्त्याला."

"मंग बर्फ नाय मिळाला तर बोंब कुणापुढं मारायची?"

मी घाईनं सरकारी महामंडळाकडे वळलो. "त्याची मालक जनता."

"म्हंजे आमीच ना?"

"हो."

"मंग पोस्टातला बाप्या माझ्यावर डाफरतो कसा? मालकिणीवर असं डाफरतात?"

सगळी सभा जागी झाली. शेटसुद्धा तोंडावर हात धरून हसत होते. मला घाम फुटला होता, त्या गारठ्यातही. राहिली होती सहकारी संस्था. प्रत्येकाचा एक भाग, प्रत्येकाचं एक मत. मी ते सांगितलं.

"भाग म्हंजे काय?" चांगुणाबाईंनी विचारलं. आता त्या हसत नव्हत्या. "त्यात माझं काय, ते दाखवा. हात लावता येईल असं दाखवा. नायतर उद्या पाटी घेऊन आल्यावर मला कोण पण म्हणेल, चल हट."

मला पुस्तकातलं वाक्य पाठ होतं. भागाला आकार नसतो, तो अमुक वस्तूत नसतो, तो सगळ्यात असतो. पण ते वाक्य त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणवेना. मी गडबडलो. शेजारचं झाकण उचललेलं होतं. खाली काळ्या थंड पाण्यात पत्र्याचे डबे ओळीनं उभे होते, प्रत्येकात एकेक लादी धरत आलेली. मी बोट केलं.

"समजा, हा एक डबा तुमचा."

"हा?"

"समजा."

चांगुणाबाई उठल्या, वाकल्या, आणि त्यांनी डब्याच्या काठावर तळहात ठेवला. थंडीनं चटका बसला असणार, पण हात काढला नाही. "बाजूचा कुणाचा?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

त्यानंतर माझं कुणीच ऐकलं नाही. झाकणं उघडली. माणसं ओळींमधून वाकून फिरू लागली, तळ्याच्या पाण्यात तोंड बघावं तशी. हा माझा, तो कोपऱ्यातला माझ्या दिराचा, ह्याला पोचा पडलाय तो नको. मी दोनदा म्हणालो, "अहो, हे उदाहरण आहे." शेटनी माझा दंड धरला.

"राहू द्या," ते हळूच म्हणाले. "एवढ्या वर्षांत मी ह्यांना एका जागी वाकलेलं बघितलं नव्हतं."

शुक्रवारी सकाळी मी खाली उतरलो आणि जिन्यातच थबकलो. डब्यांचे काठ रंगवले होते. भाटीबंदरला प्रत्येक घराच्या होडीचा रंग ठरलेला असतो. लांब पाण्यात ठिपका दिसला तरी किनाऱ्यावरच्या बायका ओळखतात, कोण येतंय. शिमग्याला होड्या रंगवून उरलेला रंग घरोघर टमरेलांत होता. तो आणून त्यांनी आपापल्या डब्याला दिला होता. हिरवा आणि त्यावर पांढरी रेघ, गुलाबी, पिवळा, तांबडा, केशरी आणि निळ्याची वेणी. काळ्या पाण्यावर ते रंग असे दिसत होते की सगळं बंदर लहान होऊन त्या टाकीत नांगरून पडलंय. मी कितीतरी वेळ बघत राहिलो. मग सहकार कायदा आठवला.

भांडण व्हायला फार वेळ लागला नाही. अब्बास हा तिथला मशीनवाला, मितभाषी माणूस. त्यानं साखळीच्या पुलीनं डबे वर घेऊन लाद्या सोडवायला सुरुवात केली. चांगुणाबाईंच्या डब्यातून, म्हणजे मी बोट दाखवलेल्या डब्यातून, लादी निघाली ती वरून इतरांसारखीच होती. पण फोडली तर आत मऊ. त्यांनी बोट लावून जिभेवर ठेवलं.

"खारट हाय."

"डबा गळतोय," अब्बास म्हणाला. "टाकीचं मिठाचं पाणी आत जातंय. झाळावा लागेल. झाळणारा सोमवारी येतो."

"मासळी नासेल ह्यानं," चांगुणाबाई म्हणाल्या. मग त्या दामा नाखव्याकडे वळल्या. "नाखवा, तुझ्या अर्धी लादी दे. तुझी होडी उद्या सांजेला येणार, तुला आज लागत नाय."

"तुझा डबा, तुझा बर्फ."

"उद्या तुझा गळला तर मी देईन."

"माझा गळणार नाय. मी ठोकून बघून घेतलाय." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "तू सायबाचं बोट बघून घेतलास."

हसले सगळे, पण चांगुणाबाई हसल्या नाहीत. मी मध्ये पडलो. "नाखवा, कायद्यानं डबा कुणाचाच नसतो. तोटा झाला तर तो सगळ्यांचा."

"मंग काल बोट कशाला दाखवलंत?" तो म्हणाला. रागानं नाही, खरंच विचारावं तसं. तो काही वेळ माझ्याकडे बघत होता. "तिचा तोटा माझा असेल तर असल्या सहकारीला माझी ना हाय. शेट, ऐकलंत? माझी ना."

शेटनी मान हलवली. चांगुणाबाईंनी ती खारट लादी तशीच पाटीत घातली, पाटी डोक्यावर घेतली आणि गेल्या. पाटीतून पाणी गळून त्यांच्या पाठीवर येत होतं.

शनिवारी दुपारी मी पिशवी भरली. संध्याकाळच्या एसटीनं निघायचं, साहेबांना सांगायचं की जमलं नाही. त्याच सुमाराला कंपनीचा माणूस येणार होता. शेट जेवून त्यांच्या खाटेवर पडले होते. मीही पुस्तक उघडून आडवा झालो. खाली फळ्या गुणगुणत होत्या. सगळं गाव त्या वेळी झोपतं, कुत्रीसुद्धा. मला डोळा लागला आणि स्वप्न पडलं: मी एका होडीत बसलो आहे, होडी पुस्तकांच्या पानांची आहे, आणि पाणी गाणं म्हणतंय.

मग पाणी गप्प झालं.

मी उठून बसलो. काय झालं ते कळायच्या आत उभा होतो, जिना उतरत होतो. कानांत इतकी शांतता होती की तिचाच आवाज येत होता. अब्बास कॉम्प्रेसरपाशी गुडघ्यावर बसला होता. इंजिनाचा पट्टा तुटून सापासारखा जमिनीवर पडला होता.

"नवा पट्टा तालुक्याहून आणावा लागेल," तो म्हणाला. "उद्यापर्यंत बंद."

मी दारात आलो आणि बघितलं. माडांखालून माणसं येत होती. सगळ्या वाटांनी. जाळं विणणारी म्हातारी जाळ्याचा दोरा हातात धरूनच आली होती. एक बाई पदर नीट करत, एक नाखवा अर्धवट दाढी केलेला. दामा नाखवा धावत होता, धोतराचा सोगा एका हातात धरून. सगळ्यांच्या डोळ्यांत अजून झोप होती आणि पाय मात्र पुढे होते, जणू ती माणसं झोपेतच कुठेतरी निघाली होती.

"होड्या सांजेला येतील," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्या शांततेत फार मोठा वाटला. "अब्बासभाई, काय करायचं सांगा."

"धरलेल्या लाद्या काढून बर्फाच्या खोलीत रचा, भाताच्या तुसात. कच्च्या आहेत त्या टाकीतच राहू द्या, वर गोणपाटं टाका. टाकीला उजेड दिसता कामा नये."

मग जे सुरू झालं ते मी नीट सांगू शकणार नाही. पुलीची साखळी खळखळत होती. डबा वर यायचा, साध्या पाण्यात बुडायचा, आणि लादी सुळकन बाहेर यायची. कोण कुठला डबा ओढतोय हे कुणी बघत नव्हतं. पिवळा, गुलाबी, हिरवा, हाताला येईल तो. दामा नाखव्यानं गळका डबा पालथा केला तेव्हा त्याच्याही लक्षात आलं नाही. लादी दोघांनी उचलायची, पळत खोलीत न्यायची, तुसात ठेवायची, परत यायचं. मी कुणाबरोबर उचलत होतो मला माहीत नाही. एका लादीला मी छातीशी धरलं, कारण माझे हात बधिर झाले होते. सदऱ्याच्या खिशात शाईचं पेन होतं. बर्फावर निळा डाग उमटला आणि पसरत गेला.

खोली भरली. लाद्यांची भिंत उभी राहिली, एकावर एक, छताला टेकेल अशी. दार उघडं होतं आणि उन्हाची एक तिरीप त्या भिंतीवर पडली होती. आत कुठेतरी हिरवट उजेड हलत होता, खोल पाण्यात असतो तसा. आम्ही सगळे धापा टाकत बघत होतो. सगळ्यांच्या तोंडातून वाफ येत होती.

चांगुणाबाईंनी कपाळावरचा तूस पुसला. "नाखवा," त्या म्हणाल्या, "ह्यात तुझा कुठला?"

दामा नाखव्यानं भिंतीकडे बघितलं. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. बर्फाला रंग नव्हता. तो पुढे झाला, एका लादीवर हात ठेवला, काढला, दुसरीवर ठेवला. मग त्याच्या खांद्यांतून काहीतरी सैल झालं.

"एक खारी हाय ह्यात," तो म्हणाला.

"हाय."

"कुणाला लागेल?"

"ज्याला लागेल त्याला. तो मागेल, दुसरा देईल."

नाखव्यानं ती भिंत पुन्हा एकदा पाहिली. मग त्याला हसू आलं, आधी नाकातून, मग पोटातून. "आणि ती निळी कुणाची गे?"

"ती सायबाची," चांगुणाबाई म्हणाल्या. सगळे माझ्या सदऱ्याकडे बघून हसले. मीही हसलो असेन.

बाहेर जीप थांबली. कंपनीचा माणूस आत आला, बूट ओल्या जमिनीवर जपून टाकत. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. ओली, तुसानं माखलेली, अनवाणी माणसं दारात दाटी करून उभी होती.

"मालक कुठे आहेत?" त्यानं विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, कुणीतरी वर जाऊन शेटना बोलावून आणेल. मीच जिन्याकडे वळलो. दार उघडंच होतं. शेट त्यांच्या खाटेवर कुशीवर झोपले होते, एक हात गालाखाली, चष्मा टेबलावर. एवढी साखळी खडखडली, एवढी माणसं धावली, आणि त्याआधी ती शांतता झाली. शेटचा श्वास संथ चालला होता. मी पायरीवरूनच मागे फिरलो.

"झोपलेत," मी सांगितलं.

चांगुणाबाईंनी नाखव्याकडे पाहिलं. नाखव्यानं सोगा खोचला आणि कंपनीच्या माणसासमोर एक गोणपाट झटकून अंथरलं.

"बसा," तो म्हणाला. "काय काम हाय, ते आमाला सांगा."

संस्थेची नोंदणी त्या पावसाळ्यात झाली. नियम मी लिहिले. डब्यांच्या रंगाबद्दल त्यात एक अक्षर नाही. शेट बडोद्याला गेले.

त्या शनिवारी संध्याकाळी मी एसटीसाठी थांबलो होतो तेव्हा चांगुणाबाई पोचवायला आल्या होत्या. बरोबर आणखी दोघीतिघी. मी ह्या प्रकारच्या प्रसंगी काय बोलावं ते कधीच शिकलो नाही. म्हणालो, "डब्याचं माझं चुकलंच."

त्यांनी ते ऐकलं नाही. त्या खाली बघत होत्या. "सायब, तुमच्या चपला वरच राह्यल्या."

मी पायांकडे बघितलं. पावलांना तूस चिकटला होता. एक बाई धावत जाऊन चपला घेऊन आली. चांगुणाबाई माझ्याकडे असं बघत होत्या की जणू त्यांनी काहीतरी मोजलं होतं आणि ते बरोबर आलं होतं. एसटी आली. मी चढलो.

पत्र पुढच्या शिमग्याला आलं. कारखाना बरा चाललाय, डबे वाढवलेत. गळका डबा झाळून घेतला, तो आता कुणाच्या नावाचा नाय, बिनरंगाचा ठेवलाय. त्या दुपारी जी जी माणसं उठून आली त्या सगळ्यांना डबा हाय. सायब, रंग कुठला देऊ ते कळवा.

मी पेन घेऊन बसलो होतो. एकदा नाही, अनेकदा. सरकारी माणसानं असं काही घ्यायचं नसतं हे एक कारण होतं. ते थट्टा करतायत, असंही वाटलं. पण खरी अडचण साधी होती. आमच्याकडे होडी नव्हती. आपला रंग कुठला, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि मला ठरवता येईना. निवृत्त झालो तेव्हा पत्र एका इतिहासाच्या पुस्तकात होतं. आमची ही गेली तेव्हा ते एका कवितासंग्रहात होतं, आणि तो मी पुरा केला नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी मी मुलाच्या घरी आरामखुर्चीत पुस्तक छातीवर ठेवून पडलो होतो. स्वयंपाकघरात जुना फ्रीज असतो, गुणगुणणारा. वीज गेली. मला एवढंच कळलं की मी स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे, धापा टाकतोय, आणि सुनबाई ओट्यापाशी वळून माझ्याकडे बघतेय.

"बाबा, काय झालं? चप्पल तरी घालायची, फरशी ओली आहे."

"काही नाही," मी म्हणालो. "आवाज थांबला."

तिनं मला पाणी दिलं. मी खाली बघत होतो, माझ्या पायांकडे. मग खोलीत जाऊन टेबलाचा खण उघडला. शाईचं पेन आता कुणी वापरत नाही, दौतीत तळाशी थोडी शाई होती, तीत पाणी घालावं लागलं. चांगुणाबाई असतील तर माझ्याहूनही म्हाताऱ्या असतील. नसतील तरी पत्ता कारखान्याचा आहे. तिथे उठून येणारं कुणीतरी असेलच.

पोस्टकार्डावर मी लिहिलं: 'निळा. शाईचा.' पुढे आणखी काही लिहावं असं वाटलं, पण ते पुरे होतं. खाली नाव लिहिलं.

कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत मी एकटाच चालत गेलो. कार्ड आत सोडलं, आणि हात बाहेर काढला तेव्हा बोटाला शाई लागली होती.